मोडीचा वर्ग भरत नाही

स्वतःच्या पायावर इतक्या विद्वत्तेने धोंडा पाडून घेणारा माणूस बडोद्यात माझ्या आत्याच्या यजमानांखेरीज दुसरा सापडणार नाही. आम्ही त्यांना काका म्हणतो. ते विद्यापीठात मोडी शिकवायचे. संस्थानाचा कारभार एकेकाळी या लिपीत चालला, याचा अभिमान त्यांना इतका, की ‘चार दिवस दूध नको’ ही दारावरची चिठ्ठीसुद्धा ते मोडीत लिहीत. मग दोघं गावाहून परतली की उंबऱ्यात नासलेल्या पिशव्यांची रांग असे आणि आत्या दिवसभर बोलत नसे. निवृत्तीनंतरही ते हौसेने वर्ग घेत राहिले. बाहेर निवडणुकीच्या घोषणा चालोत की गरब्याची तालीम, काका हात न उचलता फळ्यावर ओळ ओढत राहायचे. दारात कुणी आलं तर ओळ संपेपर्यंत त्याने तिथेच उभं राहायचं.

गेल्या वर्षी विभागाने सांगितलं, यंदा कुणी आलं नाही तर वर्ग बंद. काका हादरले. त्यांनी स्वतः सुरेख सूचना लिहून कँटीनजवळच्या फलकावर लावली. मोडीत! एका मुलाने ती निरखून विचारलं, “सर, आ जलेबी कोणे पाडी छे?”

मी म्हटलं, “काका, खाली देवनागरीत दोन ओळी लिहा ना.”

“कशाला? वाचता येत नाही म्हणूनच तर शिकायला येतील!”

“पण काय शिकायचं ते कळणार कसं?”

“उत्सुकता नावाची चीज असते, भाई.”

ती कुणालाच नव्हती. वर्ग बंद झाला. मला काकांचा राग आला, पण आमच्या मराठी मंडळींचा त्याहून जास्त. सणासुदीला ‘आमचं संस्थान’ म्हणून छाती फुगवायला सगळे पुढे. आपलं एक पोर त्या वर्गात धाडायला मात्र एकही घर तयार नव्हतं. संस्थानाच्या मोडी कागदांचे गठ्ठे आता वाळवी वाचणार.

काका त्यानंतर विद्यापीठाकडे फिरकले नाहीत. आता त्यांची नजरही मंदावली आहे. परवा मी गेलो, तेव्हा त्यांनी एक पिवळा पडलेला कागद माझ्या हातात दिला.

“जरा वाचून दाखव रे. मला नुसत्या रेघा दिसतात.”

मी कागद खिडकीपाशी नेला. मलाही नुसत्या रेघाच दिसत होत्या.

“घाई नाही,” काका डोळे मिटून म्हणाले, “सावकाश वाच.”