न वाजणारी डबी

चूक माझीच होती. कुटुंब नियोजनाच्या दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीवर बसतो. गेल्या महिन्यात तिथूनच मोठ्याने विचारलं, "एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची गोळी कुणाची?" बाकावरच्या बायका वळून पाहू लागल्या. हिरव्या साडीतली एक बाई डबी न घेताच निघून गेली. नवऱ्याचा भरवसा नव्हता म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला ती गोळी सांगितली होती. माझ्या ओरडण्याने तिचं गुपित उघडं पडलं, या विचाराने मला घास गोड लागेना.

आज ती परत आली. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने तिला विचारलं, "तूपण पाळणा लांबवायला का गं?"

"हो बाई, आहेत ती दोनच घर डोक्यावर घेतात!"

दोघी खळखळून हसल्या. पाळणा हा शब्द किती ऐसपैस आहे! त्याच्या आडोशाला बाईला स्वतःचा जीवही सांभाळता येतो आणि कुणी काही विचारत नाही.

घरी खुळखुळू नये म्हणून मी डबीत कापूस भरला. तिने ती कानाशी हलवून पाहिली. आवाज आला नाही, तशी ती हसली.

मी खिडकीतून वाकलो आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणालो, "ताई, त्या दिवशी चुकलो. माफ करा."