मांडवासाठी राखलेले केस

फोन आला तेव्हा मी बदलापूरला घरी मेथी निवडत होते. "काकी, आई गेली," एवढंच प्राजक्ता म्हणाली. सुलभाताई, माझी मोठी जाऊ... तेराव्यापर्यंत अंबरनाथच्या घरी येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "तिचं आयुष्यच तेवढं होतं." दीड महिना झाला, तरी हे वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं. आयुष्य तेवढं नव्हतं हो, आम्ही ते तेवढं केलं.

चार वर्षांपूर्वी ताई जिन्यात पडल्या. कपाळाच्या वर, केसांत, हाडाला चीर गेली. टाके पडले, जखम भरली. पण काही महिन्यांनी तिथूनच पू येऊ लागला. गोळ्या घेतल्या की बंद, संपल्या की सुरू. ताई भांग बदलायच्या आणि डब्याच्या पोळ्या लाटायला बसायच्या. शेवटी मीच त्यांना उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या सिंधी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट समजावलं. कवटीचा तुकडा मेलाय, त्यात रक्तच जात नाही, मग गोळीचं औषध कसं पोचणार? डोकं भादरायचं, तेवढं हाड काढायचं, मग काही आठवडे सलाईनमधून औषध. खड्डा नंतर भरता येतो.

प्राजक्ताचं लग्न चार महिन्यांवर होतं. सासूबाई कडाडल्या, "नवरीची आई बोडकी उभी राहनार मांडवात? अपशकुन आहे तो! लोक काय म्हनतील?" भाऊजी पत्रिकांची यादी करत राहिले. ताई मात्र हसून म्हणाल्या, "सांगू की, तिरुपतीला नवस फेडून आले!" आणि मी? "काहीतरीच काय, ताई," म्हणाले. सासूबाईंसमोर बोलायची माझी छाती झाली नाही. ऑपरेशनची तारीख रद्द करायला फोनही मीच केला. डॉक्टर ओरडले, "अरे दीदी, शादी पुढे ढकला ना! ऑपरेशन कशाला ढकलता?"

लग्न थाटात झालं. नवव्या दिवशी ताईंना झटके आले. पू मेंदूपर्यंत पोचला होता. घाईघाईत डोकं भादरलं, हाड काढलं, पण त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. घरी आणल्यावर बायकांनी त्या बोडक्या डोक्याखाली मळवट भरला. "अहेव गेली, भाग्याची," म्हणाल्या. सासूबाईसुद्धा. अपशकुन तेव्हा कुणालाच आठवला नाही.

भिंतीवर आता लग्नातलाच फोटो लावलाय. "केस किती छान दिसतात त्यात," म्हणून निवडला. त्या गजऱ्याखाली पट्टी आहे, सकाळी मीच बांधली होती... नमस्काराला उभी राहिले की मला तेवढीच दिसते.