मधल्या पट्टीची अदलाबदल

माझ्या लॅपटॉपमध्ये दोन सिस्टिम होत्या. रोजची विंडोज आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी टाकलेली लिनक्स. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी ते मिरवायचेसुद्धा. मग नकाशे काढायचं काम मिळालं. त्याचं सॉफ्टवेअर सोमवारच्या आत टाकायचं होतं आणि सी ड्राइव्ह भरलेला. लिनक्स वर्षभर उघडलीही नव्हती. ती काढायचं ठरवलं.

धुळ्यातला कॉम्प्युटर दुरुस्तीचा दुकानदार म्हणाला, "ताई, सगळं फॉर्मॅट मारू. अर्ध्या तासात मोकळं."

माझे जे नकाशे बघून मला काम मिळालं, ते त्याच डिस्कवर होते, तेही पुसले गेले असते. निम्मे पेन ड्राइव्हवर मावले, निम्मे नाही. लॅपटॉप उचलला, बसनं गावी आले.

आधी लॅपटॉप सुरू होताना विंडोजला पहिला नंबर दिला, नाहीतर लिनक्सबरोबर आत शिरायचं दारच गेलं असतं. मग लिनक्सचा भाग पुसला. जागा मोकळी झाली, पण सी ड्राइव्ह वाढवायचं बटण फिकटच.

"बी.एस्सी. व्हयनी, अन् येक बटन दबस नही?" भावानं टोमणा मारला.

आबा, माझे आजोबा, शेजारी बसून बघत होते. मी पडद्यावरच्या पट्ट्या दाखवल्या. ही माझी, सी ड्राइव्हची, ती मोकळी, आणि मध्ये एक चिंचोळी, विंडोज दुरुस्तीची; तिच्यामुळे दोन्ही जोडता येत नव्हत्या. ती पुसायची माझी तयारी नव्हती.

आबा म्हणाले, "मंग त्याले तिकडला कडाले जागा दे ना. अदलाबदल कर. तुन्हं बठ्ठं एक जागे व्हई जाई."

आमच्याकडे वावरं अशीच जोडतात. मध्ये दुसऱ्याची पट्टी आली की भांडत नाहीत, त्याला तेवढीच जमीन पलीकडे देतात. मला पुसणं आणि वाढवणं एवढंच सुचत होतं. पट्टी सरकवता येते, हे शोधल्यावर सापडलं. पण सरकवताना लाइट गेली तर डिस्कच जाणार, आणि माझी बॅटरी केव्हाच मेलेली. मी तसं म्हटल्यावर भाऊ उठला आणि शेजारच्यांचा इन्व्हर्टर उचलून घेऊन आला.

पाऊण तास कोणी उठलं नाही. पट्टी कडेला गेली. बटण ठळक झालं. दाबलं. नकाशे एकेक करून उघडले, सगळे होते.

सोमवारी सॉफ्टवेअर चालू असताना दुकानदाराचा फोन आला. "ताई, कधी आणताय?"

"नाही आणत," मी म्हटलं. "घरीच झालं."