उन्हात धरलेलं ताट

हिरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात बोंबील वाळत घालत होते. हातातले घालून झाले, मग हात धुतले आणि हॉस्पिटलात गेले. घाई करून काय होणार होतं... तिच्या पोटात गाठ होती, दिवाळीपासून सगळ्यांना माहीत होतं.

हिरा माझी धाकटी जाऊ. आमच्या पाली गावात लग्न होऊन आली तेव्हापासून तिला आभाळाचं वेड. ती शाळेत गेलीच नव्हती आणि मी चौथी शिकलेली, म्हणून मलाच विचारायची. तारे दिवसा कुठे जातात, चंद्रावर वास कसला येतो. एकदा जेवण वाढता वाढता सासऱ्यांनाच म्हणाली, "मामा, चंद्रामुळे आपल्याकडे भरती येते, तर चंद्रावर भरती येते काय?" सासरे म्हणाले, "तिथे मासळी विकायला जाणार हाय काय?" "जाईन की. तिथे भाव पाडायला तुम्ही नसाल." सासरे हसले म्हणून निभावलं.

मग तिचा एकुलता एक रघू गेला. वादळात बोट परत आली नाही. बोटीवर चौघे होते, फळीसुद्धा मिळाली नाही. बाकी तिघांच्या घरच्यांनी वर्षभरात गवताचा पुतळा करून जाळला, दिवस घातले. हिरा तयार होईना. वर यानात माणसं राहतात, पृथ्वीभोवती फिरत असतात, हे तिने टीव्हीवर पाहिलं होतं. म्हणायची, "त्यांना तिथून समदं दिसतंय. त्यांनी बघून न्हाय म्हणू दे, मग करते."

समुद्रात इंजिन बंद पडलं की आमची माणसं स्टीलचं ताट उन्हात हलवून लांबच्या बोटीला बोलावतात. हिराने तेच सुरू केलं. दुपारी अंगणात उभी राहून रघूचं जेवायचं ताट आभाळाकडे धरायची.

"एवढंसं ताट त्यांना काय दिसणार गो?" मी विचारलं.

"म्हणून तर हलवते."

आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा सगळी गल्ली वाण्याच्या दुकानातल्या टीव्हीपुढे जमली होती. वाणी ओरडला, "मौसी, ताली बजाओ!" हिराने सगळ्यांत जोरात वाजवली. मग म्हणाली, "चंद्रावरचा खड्डा दिसतोय. माझी बोट कशी न्हाय दिसली?" वाण्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "बाय, ताट धरलंस काय?"

"न्हाय. खांदा दुखतोय."

ती भिंतीकडे वळली.

तिच्या दहाव्याला माझा मुलगा म्हणाला, "आई, भटजी आलेच आहेत. रघूचंही आजच उरकून टाकू." पुतळ्यासाठी गवत आणून ठेवलेलं होतं. रघू मेला हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. वरून त्याला कोणी पाहिलं नाही आणि पाहणारही नाही. पण तो नाही हे म्हणायचा हक्क त्याच्या आईचा होता, आणि ती शेवटपर्यंत म्हणाली नाही. मी गवत उचललं आणि शेजारच्या बकरीला घातलं. भटजी बघत राहिले.

ताट आता माझ्याकडे आहे. त्यात मी कोणाला वाढत नाही. ते डोक्यावर धरून उभी राहते असं मात्र कोणी समजू नये, मला ते जमायचं नाही. रोज घासते आणि बोंबलांशेजारी उन्हात ठेवते... उताणं.