अर्जुनाचा मासा

दहिवडीच्या गाडीतनं सुलाबाई साताऱ्याला उतरली तेव्हा तिच्या पायांत जीव नव्हता. सगळी वाट उभ्यानं आलेली, गुडघे बोंबलत होते, त्यात कॉलेजचं म्युझियम नेमकं वरच्या मजल्यावर. "मुडद्यानं मरूनबी माझी वरात काढली," असं पुटपुटत ती कठडा धरून जिना चढली. मुडदा म्हणजे तिचा नवरा, अर्जुना. फौजेतनं सुट्टीवर येताना बायकोला लुगडं आणायचं सोडून या बाबानं रमच्या बाटलीत मासा घालून आणला होता, आणि वाटेत या कॉलेजला देऊन टाकला होता. वर गावभर सांगत सुटला, "माझा मासा काचेत बसलाय!"

आता अर्जुना नव्हता. म्युझियमच्या संयोगिता मॅडम जुन्या नमुन्यांच्या नोंदी कम्प्युटरवर घेत होत्या, त्यांनीच फोन करून सुलाबाईला बोलावलं होतं.

मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं, बरणी पुढ्यात ठेवली. मोठ्या डोक्याचा, बिनखवल्यांचा, रमनं तपकिरी पडलेला मासा. सुलाबाईला एकदम भरून आलं. एवढ्याशा जिवापायी आपण अर्जुनाशी केवढं भांडलो, असं वाटून तिला स्वतःचाच राग आला.

"मावशी, हा लय थंड पाण्यातला मासा आहे. चिठ्ठीवर काकांचं नाव दिसतंय, पण ठिकाणाची शाई उडालीय. कुठल्या गावाजवळचा ते कळलं तर नोंद होईल. नाहीतर बिनठिकाणाचे नमुने टाकून द्यायचं ठरलंय."

"आवं, एवढंच व्हय!" सुलाबाईचा जीव भांड्यात पडला. ठिकाण विचारलं की अर्जुना "वर, बर्फात" एवढंच बोलायचा. पण पत्ता तर तिला तोंडपाठ होता. पोरं झाल्याची, सासू गेल्याची, सगळी पत्रं तिनं लिहवून घेऊन त्याच पत्त्यावर धाडली होती. "लिवा, छप्पन एपीओ."

मॅडमचा हात थांबला. "मावशी, ते गाव नाही. तो फौजेच्या टपालाचा पत्ता आहे. पलटण कुठंही असो, पत्ता हाच."

"न्हाई वो, समदी पत्रं पोचली की त्येला."

"पोचली असतील. पण काका कुठं होते, ते त्यावरनं कळत नाही."

सुलाबाईचे खांदे पडले. मासा आता जाणार, हे तिला उमगलं. पण तिनं बरणीवरनं नजर काढली आणि मॅडमचा हात धरला.

"मग पोरी, एवढी वर्सं माझा मालक व्हता तरी कुठं?"