वैजयंतीचा आठ आकडी उखाणा

सेलूत बी-बियाण्याचं दुकान चालवणाऱ्या राजशेखरची पोरगी पाचवीत गेली, तरी बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव काही त्याच्या कानी पडलं नव्हतं.

वैजयंती गणितात एम.एस्सी. दुपारी ओसरीवर शिकवणी घ्यायची आणि तूर निवडतानाही तिचं डोकं आकड्यांतच. एसटी दिसली की नंबर बघून म्हणायची, "तेरानं भाग जातोय." मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी, भेटली की दिवसभर खूश. उखाणे मात्र तिला खोटे वाटायचे. "यमक दुसऱ्याचं, नवरा तेवढा आपला," असं म्हणायची. राजशेखर हसायचा, पण आत कुठंतरी ते लागायचंच.

परवा त्याच्या धाकट्या बहिणीचं, धनश्रीचं डोहाळजेवण होतं. ओटी भरण्याआधी थोरल्या वहिनीनं नाव घ्यायचं, अशी या घरची रीत. अंगणातून खुर्च्या आणायच्या निमित्तानं राजशेखर दाराशीच घुटमळत होता.

"घे की गं," शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या. "का नवऱ्याचं नाव इसरलीस?"

"इसरंल कशी? दुकानाच्या पाटीवर एवढं मोठ्ठं लिवलंय," सासूबाई शांतम्मांनी सुनेची बाजू घेतली खरी, नजर मात्र त्यांचीही सुनेवरच.

वैजयंतीनं रांगोळीची चिमूट घेतली आणि चौरंगासमोर लिहिलं: ७३९३९१३३.

"ही मूळ संख्या," असं म्हणून तिनं शेवटचा तीन तळहातानं पुसला. "राहिली तीही मूळ." अजून एक आकडा पुसला. "हीसुद्धा."

"आगं, शुभकार्यात रांगोळी पुसायलीस?" शांतम्मा निम्म्या उठल्या.

"थांबा आत्याबाई, गंमत पुसण्यातच हाय." पुसत पुसत ती सातावर आली. "हा एकटा सातसुद्धा मूळच."

"आन् मूळच्या आठ आकड्यांच्या मागं नववा आकडा लावला तर?" धनश्रीनं विचारलं.

"कोणताही लाव, कशानं तरी भाग जातोच. वाढायची ती तेवढीच." मग हाताची रांगोळी झटकत, खाली बघत ती म्हणाली, "माझी पीएचडी राहिली. परभणीच्या कॉलेजातली नोकरी सुटली. शेवटून एकेक गळत गेलं. तरी मला कशानं भाग गेला न्हाई. राजशेखररावांनी जाऊ दिला न्हाई."



"आवं, पण यमक कुठाय?" सुमनबाईंना राहवेना.

"ऱ्हाऊ द्या तुमचं यमक," शांतम्मा डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "आणा ती ओटी."

"दादा, ऐकलास का रे?" धनश्री दाराकडे बघून ओरडली.

"खुर्च्या... अजून किती लागतेत?" एवढंच राजशेखरला सुचलं, आणि दोन्ही हातांतल्या खुर्च्या तशाच घेऊन तो परत अंगणात गेला.