कडेचे चौकोन

बाबांच्या नजरेचा मधला भाग जाईल, कडा राहतील, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. एका डोळ्याचा मध्य गेलेलाच होता. दुसऱ्याचाही विरत चालला होता, उरलीसुरली नजर किती टिकेल ते सांगता येत नाही म्हणाले. आता माझा चेहरा पाहायचा तर बाबा माझ्या कानाकडे बघतात.

मी छापाचित्रं करते. लिनोच्या ठोकळ्यावर कोरायचं, शाई लावायची, वर कागद ठेवून दाबायचा. आणि आजवरचं माझं एकूण एक चित्र बाबांच्या तुरीच्या दाण्यांतून आलेलं आहे. ते आर्णीकडच्या शाळेत गणित शिकवायचे. सुटीच्या दिवशी अंगणात मधोमध एक दाणा ठेवायचे. त्याच्याभोवती चौकोनात आठ, त्यांच्याभोवती सोळा, मग चोवीस. दर वेढ्याला आठ वाढतात, आणि कुठेही थांबा, पूर्ण चौरसच होतो: नऊ, पंचवीस, एकोणपन्नास. पाढ्यांचा मला मनस्वी कंटाळा, पण तो चौकोन वाढताना बघून अंगावर काटा यायचा. प्रदर्शनात लोक मान तिरकी करून विचारतात, यात काही अध्यात्म आहे का? मी सांगते, आठाचा पाढा आहे. त्यांचं तोंड उतरतं. बाबांचं तसं नाही. चित्र दाखवलं की छान-बिन काही नाही, आधी मोजणार.

म्हणून ठरवलं, त्यांना दिसतंय तोवर तोच चौकोन छापायचा. पंधरा ओळी, ओळीत पंधरा, पेढ्याएवढा एकेक चौकोन आणि मध्ये पांढरी फट. त्यांना सांगायचं मात्र नाही.

एकाच ठोकळ्यातून तीन रंग काढायचे होते. आधी पिवळा छापायचा, मग त्याच ठोकळ्यातला थोडा भाग कोरून टाकून लाल, परत कोरून शेवटी काळा. कोरलेलं परत येत नाही. दूध वर यायच्या आधीच गॅस बंद करणाऱ्या माझ्यासारख्या बाईनं हा धंदा का पत्करला, देव जाणे.

पिवळा आणि लाल नीट उतरले. मे महिना होता, लोहाऱ्याच्या आमच्या घरात कुलर अखंड चालू होता. काळा छापायच्या आदल्या दिवशी मात्र मी कुलर बंद केला. त्याच्या दमट हवेत काळी शाई वाळली नाही तर? कागदावर डाग पडले तर? सगळ्या घराला घाम फोडून मी निश्चिंत झाले.

काळ्याचा पहिला कागद उचलला. मी कागद नेहमी मध्यरेषेवर जुळवते, तिथे सगळं बरोबर होतं. पण डाव्या-उजव्या कडांना लाल आणि काळ्याचा मेळ सुटला होता. फटीत लाल शिरून चौकोन एकमेकांना चिकटले होते. दुसऱ्या कागदाचीही तीच गत. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, मधलं तर छान आलंय. पण बाबांना मधलंच दिसणार नव्हतं. मला रडूच कोसळलं.

मग डोळे पुसून पट्टीनं चूक मोजली. बाबा पलंगावर रेडिओ ऐकत पडले होते. चित्राचं न सांगता मी नुसतं गणित घातलं. "बाबा, मधात चूक शून्य हाये, अर्ध्यावर एक मिलिमीटर, टोकाले दोन. काय सरकलं असन?"

"सरकलं असतं त सगळीकडं सारखंच सरकलं असतं ना व," ते म्हणाले. "हे त प्रमाणात वाढून राह्यलं. सरकलं नाही, काहीतरी आटलं."

"काय आटलं?"

"आता ते मले काय माहीत? मांडलं तू, सांगू मी?"

तेवढ्यात आई पदरानं वारा घेत आली. "कुलर काहून बंद केला व? मारतं का आमाले गरमीनं?"

मी बंद कुलरकडे पाहिलं. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आटतो, हे मी चार लोकांना शिकवलेलं आहे. पिवळा-लाल फुगलेल्या कागदावर बसले होते आणि काळा मी आटलेल्या कागदावर छापत होते. काळजी घेऊन घेऊन मीच घोळ घातला होता.

कुलर लावला. उरलेले कागद त्याच खोलीत दोरीवर टांगून दुसऱ्या दुपारपर्यंत तसेच ठेवले. छापायला बसले तेव्हा जीव टांगणीला लागला होता. लाइन गेली की संपलं. नळाचा भरवसा नसताना आई बादली-बादलीनं कुलरची टाकी भरत होती आणि बडबडत होती, "माणसाईले नाही पाणी, कागदाईले पाजा!" कागद उचलला. कडा जुळल्या होत्या. माझा विश्वास बसेना, भिंग लावून दोनदा पाहिल्या.

शाई वाळल्यावर चित्र भिंतीला लावलं आणि बाबांना समोर बसवलं. त्यांनी मान वळवून चित्राच्या बाजूला, खिडकीकडे नजर लावली. मग बोट उचललं आणि हवेतच वरच्या ओळीवरून नेऊ लागले. ओठ हलत होते. उजव्या कोपऱ्याजवळ, जिथे आधी चौकोन चिकटले होते तिथेच, बोट थांबलं. ते परत पहिल्यापासून सुरू झाले. मला वाटलं, उशीर केला आपण.

"पंधरा," बाबा म्हणाले. आणि लगेच, "सव्वादोनशे."

न विचारता राहवेना. "मधातला दिसते का, बाबा?"

"नाही दिसत," ते म्हणाले. "पण कड पंधराची हाये ना? मंग मधात एक असनच."